नागपूरचा फिटर

आमच्या पुलगावच्या घरी स्वयंपाकघरातला दिवा लावायचा तर आधी गोठ्यात जावं लागे. गोठ्यातलं बटण खाली करायचं, मग न्हाणीतलं, आणि मग स्वयंपाकघरातलं. तिन्ही बटणं खाली असली की तिन्ही दिवे लागत, तेही कसे, तर पाण्यात हळद कालवावी तसे. त्यातलं एक जरी कुणी वर केलं तरी तिन्ही गुल. म्हणजे संध्याकाळी कुणी शहाण्यासारखा हातपाय धुऊन न्हाणीतला दिवा मालवून बाहेर आला, की इकडे माझी पोळी तव्यावर आणि मी अंधारात.

सहा वर्षं मी असा स्वयंपाक केला. आणि लग्नाआधी नॉर्मल स्कूलची, म्हणजे मास्तरणीची, परीक्षा पास झालेल्या मला, सहा वर्षांत एकदाही वाटलं नाही की यात काही चुकतंय. माहेरी आर्वीला आमच्याकडे कंदील होते. कंदिलाला काच असते, वात असते, तसा विजेला गोठा असतो, असं मी धरून चालले. ओसरीतला आणि माजघरातला दिवा मात्र लख्ख जळे. त्याचंही उत्तर घरात तयार होतं. ते दोन दिवे रस्त्यावरच्या खांबाजवळ, हे तीन लांब, परसाच्या बाजूला. खांबापासून जितकं लांब जावं तितकी वीज थकत जाते, असं आमच्या ह्यांनी मला समजावून सांगितलं होतं.

हे हायस्कुलात संस्कृत आणि मराठी शिकवत. अंगाने सहा फूट उंच, आणि जन्मात चूक कबूल न करणारे. एकदा वर्ध्याला जायचं म्हणून घाईघाईत उलट्या बाजूच्या गाडीत बसले आणि धामणगावला उतरल्यावर मला म्हणाले, "धामणगाव बघायचंच राहिलं होतं." मग आम्ही उन्हात धामणगाव बघितलं. माणसाचा स्वभाव आता पुरता कळला असेल.

तर घराची वीज. आम्ही घर घेतलं तेव्हा वीज कंपनीच्या माणसाने दोनच पॉइंट दिले होते, म्हणजे दोनच दिव्यांची सोय: एक ओसरीत, एक माजघरात. पुढे उन्हाळ्यात मी पहिल्या बाळंतपणासाठी आर्वीला गेले आणि तीन महिन्यांची मुलगी मांडीवर घेऊन परतले, तो घरात दोनाचे पाच दिवे झालेले. मी तोंडात बोट घातलं.

"फिटर आणला होता," हे म्हणाले. "नागपूरहून. मोठा नामांकित माणूस. साहेबांच्या बंगल्यांची कामं केलेला. आठ दिवस इथेच मुक्कामाला होता."

"मग त्याच्या जेवणाचं?"

"पिठलं-भात."

ह्यांना आयुष्यात तेवढंच करता येई, आणि तेही घट्ट. आठ दिवस ते पिठलं खाऊन जो माणूस काम पुरं करून गेला त्याच्याबद्दल मला आदर वाटला, आणि थोडी दयाही आली. पुढच्या सहा वर्षांत हा नागपूरचा फिटर आमच्या गल्लीत चांगलाच मोठा झाला. ह्यांच्या सांगण्यातून त्याला एक सोन्याचा दात आला. तो चहा घेत नसे, हे शेजारच्या काकूंना आपोआप कळलं. मिशा मी माझ्या पदरच्या लावल्या. कुणी बटणांची तक्रार केली की मी ठसक्यात म्हणे, "साहेबाच्या बंगल्यात अशीच असतात."

आता बटणांचं ऐका. ती फिटरने भिंतीवर इतक्या उंच लावली होती की ह्यांना हात वर करून सहज पोचत, आणि मला पाटावर उभं राहूनही नाही. म्हणून मी लाटण्याने लावत असे. पोळ्या लाटायचं एक लाटणं, दिव्यांचं एक. स्वयंपाकघरात उजेड कमी पडतो म्हणून एकदा मी हट्टाने चौपट मोठा बल्ब आणवला आणि तिथे लावला, तर माझ्या चुलीपाशी होता तोही उजेड गेला आणि गोठ्यातला दिवा जास्तच चमकायला लागला. बल्ब माझा आणि उजेड गाईला! मी चिडून मोठा बल्ब गोठ्यात नेऊन लावला, तर तिथे काळोख आणि स्वयंपाकघर जरा बरं. मग मोठा बल्ब कायमचा गोठ्यात राहिला. पावसाळ्यात न्हाणीच्या भिंतीला ओल आली की तिला हात लावल्यावर कोपरापर्यंत मुंग्या येत. "झिणझिण्यांनी रक्त खेळतं राहतं," असं हे म्हणत. आम्ही लाकडी चौरंगावर बसून, अंग चोरून अंघोळ करायला शिकलो. माणूस कशालाही सरावतो हो.

त्या वर्षीच्या श्रावणात मला वर्ध्याच्या मुलींच्या शाळेतून पत्र आलं. सहशिक्षिका म्हणून माझी नेमणूक झाली होती. दिवाळीची सुट्टी संपली की एक तारखेला रुजू व्हायचं, नाही तर जागा दुसऱ्या बाईला जाणार. लग्नानंतर मी कितीदा अर्ज केले होते ते माझं मला माहीत. पत्र हातात धरून मी परसात जाऊन रडले, आनंदाने. मग ते ह्यांना दिलं. ह्यांनी दोनदा वाचलं, त्यातल्या शुद्धलेखनाच्या तीन चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या आणि म्हणाले, "छान. घर विकलं की जाऊ."

ह्यांनाही पुढच्या जूनपासून वर्ध्याच्या एका शाळेत जागा मिळण्यासारखी होती, तोवर गाडीने ये-जा जमली असती. पण दोन गावी दोन चुली मांडायच्या नाहीत, हा ह्यांचा नियम. आधी पुलगावचं घर विकायचं, मग सगळ्यांनी मिळून जायचं. म्हणजे माझी नोकरी घराला बांधली, आणि घराला गिऱ्हाईक मिळेना. मिळेना कसलं, आलेली दोन ह्यांनी पळवून लावली. पहिल्याला घराच्या दिशांवर तासभर व्याख्यान ऐकवलं. दुसरे रेल्वेतले एक कारकून होते. त्यांनी विचारलं, बटणं इतकी उंच का? तर हे म्हणाले, "ती सामान्य माणसासाठी नाहीतच." ते बिचारे चहा न घेताच गेले.

माझं डोकं फिरलं. मी शेजारी सांगितलं, आर्वीला आईला पत्रात लिहिलं, हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांत बोलले, की ह्या माणसाला मी नोकरी करायलाच नको आहे. घर हे नुसतं निमित्त. माझ्या पायात खोडा घालून ठेवलाय. हे मी एकदा नाही, वीसदा बोलले असेन, आणि दर वेळी तिखटमीठ लावून.

दसरा झाला आणि नाचणगावचे एक शेतकरी घर बघायला येतो म्हणाले. नाचणगाव आम्हाला चिकटूनच, पण पावसाळ्यात चिखल तुडवत मुलं शाळेत यायला बघत नसत, म्हणून त्यांना पुलगावात घर हवं होतं. सगळे त्यांना भाऊ म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. ते बायकोला घेऊन अगदी दिवेलागणीला आले. मी घर झाडून, गोठा सारवून, पाचही दिवे लावून तयार होते. ह्यांना ताकीद दिली होती की व्याख्यान द्यायचं नाही.

सगळं नीट चाललं होतं. पण भाऊंच्या घरी कंदील, आणि रिकाम्या खोलीत दिवा जळता ठेवायचा नाही ही त्यांची जन्माची शिस्त. ते गोठा बघायला गेले, गाईच्या पाठीवर हात फिरवला, कौतुक केलं आणि निघताना हात वर करून गोठ्यातलं बटण वर केलं. तेही ह्यांच्याएवढेच उंच, माझं नशीब! आम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलो तर आत मिट्ट काळोख.

"हे काय झालं?" भाऊंनी विचारलं.

"वीज गेली," हे म्हणाले.

भाऊंनी मान वळवून माजघराकडे पाहिलं. तिथला दिवा लख्ख जळत होता. "मंग तो काऊन जळून राह्यला?"

"ती वेगळी वीज आहे," हे म्हणाले.

मी पदर खोचला, लाटणं उचललं आणि परसातून धावत जाऊन गोठ्यातला दिवा लावला. स्वयंपाकघर उजळलं. "आली," हे म्हणाले. तोवर भाऊ न्हाणी बघायला गेले आणि तिथला दिवा मालवून बाहेर आले. पुन्हा अंधार. मी पुन्हा धावले. न्हाणीतला लावून येते तो भाऊ खुंटीवर विसरलेला टॉवेल आणायला गोठ्यात गेलेले, आणि येताना अर्थातच दिवा मालवून आलेले. अशा माझ्या चार फेऱ्या झाल्या. गाय घाबरून हंबरायला लागली. भाऊंची बायको तुळशीपाशी उभी राहून माझी धावपळ बघत होती. शेवटी तिने मला अडवलं.

"बाई, तुमाले काई होऊन राह्यलं का?"

"पोटात कळ येते," मी धापा टाकत म्हणाले.

"ओवा खा. अन ते लाटनं काऊन धरलं मा हातात?"

मी लाटणं पदराखाली घेतलं. मी ओवा खाल्ला.

इतकं होऊनही भाऊंना घर पसंत पडलं. विहिरीचं पाणी गोड, शाळा हाकेच्या अंतरावर. जाताना म्हणाले, "घर बेस हाय, मास्तर. पन मीटर माह्या नावानं पायजे. उद्या लफडं नाई पायजे मले." मला वाटलं, झालं! मी त्या रात्री स्वप्नात वर्ग घेतला.

दोन दिवसांनी भाऊ वीज कंपनीच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने वही काढून दाखवली: मास्तरांच्या घरी दोनच पॉइंट. "पाच जळून राह्यले म्या डोयानं पाह्यले," भाऊ म्हणाले. मग कारकून म्हणाला, तसं असेल तर ज्याने काम केलं त्या लायसन्सवाल्या माणसाच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट आणा, म्हणजे काम पक्कं केलंय असा त्याचा दाखला. नाही तर आमचा वायरमन येऊन तपासेल. त्याने सही केली तर मीटर नावावर होईल, नाही तर आहे ती वीजही तोडू. भाऊ आमच्याकडे आले आणि म्हणाले, "नागपूरच्या फिटरची सही आना, मास्तर. तेवढं झालं का मी कागद करतो."

भाऊ गेल्यावर मी ह्यांना म्हणाले, "आजच फिटरला पत्र टाका."

"तो जबलपूरला गेला."

"जबलपूरला टाका."

"तिथून पुढे गेला."

"पुढे कुठे?"

"पुढे," हे म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

एक तारखेला बारा दिवस उरले होते. माझी खात्रीच पटली: ह्यांना पत्र टाकायचंच नाही. मग मी जे केलं ते सांगायला मला आजही लाज वाटत नाही, आणि वाटायला हवी. दुपारी हे बाहेर गेल्यावर मी कोरा कागद घेतला आणि 'काम पक्के केले आहे' असा दाखला लिहून खाली नागपूरच्या फिटरची सही केली. फिटरचं नाव सहा वर्षं ऐकून पाठ होतं. सही कशी असेल, याचा मी खूप विचार केला. सोन्याचा दात, साहेबांच्या बंगल्यांत वावर. म्हणजे सही लफ्फेदार असणार. दहा-बारा वेळा गिरवली, तेव्हा कुठे मनासारखी जमली. शेवटच्या अक्षराचा शेपटा मी मिशीसारखा वर वळवला.

हे घरी आले तर कागद माझ्या हातात. वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. मला वाटलं, आता शुद्धलेखन तपासतील.

"दुसऱ्याची सही आपण करायची नाही," हे हळूच म्हणाले.

"तो दुसरा सापडत नाही ना! मग मी काय करू? वर्ध्याच्या जागेवर पाणी सोडू?"

ह्यांनी कागद चुलीत घातला आणि ओसरीत जाऊन बसले. मी दुसरा लिहिला आणि घडी करून कमरेला खोचून ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी वायरमन आला. बरोबर भाऊ आणि त्यांची बायको. वायरमन खाकी कपड्यातला गोल गरगरीत माणूस, तोंडात पान, खांद्यावर शिडी, हातात दोन तारा जोडलेला एक बल्ब. ओसरी-माजघर बघून म्हणाला, "हे आपल्या कंपनीचं काम. बढिया." मग स्वयंपाकघरात आला आणि बटणाकडे बघत उभा राहिला.

"हे एवढं वरतं काऊन? बाई, तुमी लावता कसे?"

मी लाटण्याने लावून दाखवलं. त्याने कपाळाला हात लावला. मागचं झाकण उघडून आत बघितलं आणि मला म्हणाला, "बाई, हे लाटनं देव्हाऱ्यात ठेवजा. लाकडाचं हाय म्हनून तुमी हाये."

मग तो तारेच्या मागे मागे न्हाणीत गेला. भिंतीला हात लावला आणि "अरे बाप रे!" करून असा मागे उडाला की पान बाहेर आलं. गोठ्यात शिडी लावून वर चढला. थोडा वेळ नुसतं हुं हुं ऐकू येत होतं, मग तो हसायला लागला. हसता हसता शिडी डुगडुगायला लागली, तसा खाली उतरून गव्हाणीवर बसला.

"तिन्ही दिवे एकाच माळंत ओवले हो! याच्यातून निंगाली का त्याच्यात, त्याच्यातून निंगाली का गोठ्यात. एक बटन वरतं केलं का माळ तुटली. अन जेवढी वीज एका दिव्याले पायजे तेवढी तिघायनं वाटून खाल्ली! बाप्पा, वीस वर्सं झाले मले या कामात, असं नाई पाह्यलं."

मला अर्ध्या मिनिटात सगळं कळलं. खांबापासून लांब जाऊन थकणारी वीज, गाईला मिळालेला उजेड, सगळं. सहा वर्षांच्या अंधाराचा असा राग आला की फिटर समोर असता तर त्याची मिशी उपटली असती.

वायरमन पुन्हा वर चढला. "अन जोड पाहा. जोडावर कंपनीची काळी पट्टी पायजे. इथं लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या!" त्याने एक ओढली. ती सुटत सुटत खाली आली आणि माझ्या पायाशी पडली. हिरवी. काठ मोरपंखी.

माझ्या डोहाळजेवणाचं लुगडं होतं ते. बाळंतपणाला जाताना मी घडी करून पेटीत ठेवलं होतं. परत आल्यावर सापडेना, तेव्हा हे म्हणाले, "धुवायला दिलं होतं, परटिणीने हरवलं असेल." मी त्या परटिणीला दारात उभी करून नाही नाही ते बोलले होते आणि दुसरी लावली होती. सहा वर्षं आम्ही एकमेकींचं तोंड बघत नव्हतो. आणि लुगडं माझ्याच डोक्यावर, गोठ्याच्या आढ्याला! नागपूरचा कुठला फिटर परक्या बाईची पेटी उघडेल? मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडेच बघत होते. मला कळलंय, हे ह्यांना कळलं.

वरून वायरमन ओरडला, "कोन्या गाढवानं केलं हे? त्या गाढवाची सही आना!"

कमरेचा कागद मला टोचत होता. तो काढायचा, 'ही घ्या सही' म्हणायचं, एवढंच बाकी होतं. राग होता, पण वर्धाही होतं. मी हात कमरेला नेला.

"मी केलं," हे म्हणाले.

वायरमनचा हात तारेवरच राहिला. गायसुद्धा रवंथ करायची थांबली, असं मला वाटलं.

"नागपूरचा फिटर कुणी नाहीच. पुस्तकात बघून मीच केलं. ही बाळ घेऊन परत येणार होती, घरभर उजेड असावा असं वाटलं. चुकलं माझं."

चुकलं माझं! मी भिंत धरली. न्हाणीची नव्हे, गोठ्याची.

वायरमनने जीभ चावली. "मास्तर, ते गाढव म्या तुमाले नाई म्हनलं..."

"बरोबर म्हणालात," हे म्हणाले. मग भाऊंकडे वळले. वर्गात बोलताना असतो तसा त्यांचा आवाज खणखणीत होता. "भाऊ, घर हे असं आहे. तुम्ही घेऊ नका, मी वाईट वाटून घेणार नाही. पण एक सगळ्यांसमक्ष सांगतो. हिला एक तारखेला वर्ध्याच्या शाळेत रुजू व्हायचंय, आणि ही होणार. घर विकलं तरी आणि नाही विकलं तरी. मुलीला आणि गाईला मी बघेन. माझ्या खोटेपणाने हिची जागा गेली तर मला वर्गात उभं राहता यायचं नाही."

मी तर श्रावणापासून भांडायची तयारी करून बसले होते. कमरेचा कागद काढून मी गव्हाणीत टाकला. गाईने तो खाल्ला.

मग भाऊंची बायको पुढे आली आणि मला म्हणाली, "बाई, तुमी सोता शिकवाले जानार? वर्ध्याले?"

"हो."

"मास्तरायसारखं? खुर्चीवर बसून?"

"हो."

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग नवऱ्याकडे वळली. "घर घेऊन टाका हो."

"अवं, पन हे तारायचं..."

"तारा काढून टाका. आपले कंदील हाये. बाईची जागा जाईन ना!" आणि मग, जणू आत्ताच आठवलं, "अन गाय बी घेऊन घ्या. चांगली हाय. घाबरली होती बिचारी."

असं आमचं घर विकलं गेलं. वायरमनने अट घातली: वहीत दोन पॉइंट आहेत, दोनच राहतील. जादाच्या सगळ्या तारा निघाल्या म्हणजे सही. पुढचे दोन दिवस हे धोतर खोचून शिडीवर, आणि वायरमन खाली गव्हाणीवर बसून हुकूम सोडतोय. "ते सोडा. हे धरा. नाई मास्तर, आधी मेन बंद!" जाताना म्हणाला, "हात चांगला हाय तुमचा. पुस्तक खराब भेटलं." ह्यांना ते इतकं आवडलं की पुढे चार ठिकाणी सांगितलं.

गंमत बघा, गाईला सहा वर्षं दिव्यात उभं राहायची सवय. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंधारात ती धारच काढू देईना. भाऊ म्हणाले, मग ओसरीचा पॉइंट गोठ्यात घ्या. वायरमनने रीतसर परवानगी काढून, रीतसर काळी पट्टी लावून तो तिकडे नेला आणि सही केली. स्वयंपाकघर शेवटपर्यंत अंधारातच राहिलं. हे मी आजही विसरलेले नाही.

चिंध्या गोळा करून मी परटिणीच्या घरी गेले. तिच्यापुढे धरल्या आणि म्हटलं, माझी चूक झाली, लुगडं घरातच होतं. तिने चिंध्या उलटसुलट करून बघितल्या. म्हणाली, "सहा वर्सं तुमच्या दारावरून जाताना तोंड फिरवून जात होती मी. मान धरली माही, बाई." मग चहा केला.

घराचे कागद व्हायला एक तारखेनंतर तीन आठवडे गेले. मी त्यासाठी थांबले नाही, कारण ह्यांनी थांबू दिलं नाही. एक तारखेला पहाटेच्या गाडीने मी एकटी वर्ध्याला गेले आणि शाळेजवळ ओळखीच्या एका बाईंकडे राहिले. मुलीला ह्यांनी तीन आठवडे पिठलं-भात खाऊ घातला. आपला दोन चुलींचा नियम त्यांनी स्वतः मोडला आणि त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. त्या शाळेत मी पुढे एकतीस वर्षं शिकवलं.

पण एक गोष्ट राहिली. ह्या माणसाला मी नोकरी करायला नको आहे, माझ्या पायात खोडा घालून ठेवलाय, असं मी गल्लीभर बोलले होते, आईला लिहिलं होतं. ते सगळं ह्यांच्या कानावर गेलं होतं, मला पक्कं ठाऊक आहे. आमची गल्ली केवढीशी. त्यांनी मला कधी विचारलं नाही. आणि मीही कधी म्हणाले नाही की ते खोटं होतं. आज म्हणू, उद्या म्हणू, करत संसार झाला. त्यांनी चार माणसांसमोर गोठ्यात उभं राहून 'चुकलं माझं' म्हटलं, आणि मला ते चार भिंतींच्या आतही जमलं नाही. हे जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली.

अहो, चुकलं माझं.